गंध जरा जास्त लागलं

करंजवाडी, विंझरच्या वर
ता. २३ नोव्हेंबर

चि. बंडूस,

आशीर्वाद पाठवतोय, घ्यायचे की नाही ते तू बघ.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला पाच वर्षं झाली. पोस्टमन मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. तळेगावचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. घेतला म्हणजे तिच्या डबीत सापडला. ती रोज दुपारी गोठ्यात जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते आणि मला सांगते की म्हैस बिथरली होती. रोज दुपारी तीन वाजता बिथरणारी म्हैस आख्ख्या वेल्हे तालुक्यात दुसरी नसेल. मीही काही बोलत नाही. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली, कोण तिकीट लपवतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं.

तुझ्या बायकोनं, सोनियाबाईंनी, हे वाचलं तरी माझी हरकत नाही. पाकीट त्याच फोडणार असं मला वाटतं. तुझं लग्न झालेलं मला कामथडीच्या पाहुण्यांकडून कळलं, तेही एका तेराव्याच्या पंगतीत. त्यांनी विचारलं, सून कशी आहे. मी म्हणालो, छान आहे. वर भात मागून घेतला.

तर बातमी अशी की आपल्या ग्रामपंचायतीला निवडणूक लागली आहे. होय, निवडणूक. यंदा कौल लागला नाही.

सोनियाबाई किकवीच्या, हायवेवरच्या, त्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे चाळीस वर्षं सरपंच बिनविरोध होतो. उभे राहणारे दोघं असले की भैरवनाथासमोर गाव बसतं. गाव म्हणजे घरटी एक पुरुष. गुरव, म्हणजे मी, देवाच्या दोन्ही खांद्यांवर नुसतं पाणी लावून तगरीचं एकेक फूल चिकटवतो. उजवं एकाचं, डावं दुसऱ्याचं. ज्याचं फूल आधी पडेल त्याला देवाचा होकार, दुसऱ्यानं अर्ज भरायचा नाही. झाली निवडणूक. अर्ध्या तासात नारळ फोडून माणसं घरी.

यंदा मानसिंग पुन्हा उभा राहिला आणि समोर वरच्या धनगरवाड्यातली फुलाबाई. उजवं मानसिंगचं, डावं फुलाबाईचं. पहिल्या खेपेला मी मागं सरकायच्या आत दोन्ही फुलं एकदम पडली. दुसऱ्या खेपेला दोन तास एकही हललं नाही, आणलेला चहा तीनदा गरम केला. तिसऱ्या खेपेला एक फूल माझ्याच बोटाला चिकटून आलं. मानसिंगचे लोक म्हणाले हा उजवा कौल, फुलाबाईचे म्हणाले हा डावा. मग दोघांनीही ठरवलं की अर्ज भरायचे. देवाच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मी नियमाप्रमाणे नुसतं पाणी लावलं होतं.

आता माझ्यावर आलेली आफत ऐक. तू गेल्यावर आपल्या अंगणवाडीत आलेल्या प्रगती मॅडमकडे मतदार यादीचं काम आहे. त्या घरोघर जाऊन यादीतलं माणूस खरंच तिथं राहतं का ते बघतात. आपल्याकडे आल्या. घर नंबर एकेचाळीस, बाजी, सगुणाबाई, बंडू. बंडू कुठं आहेत? मी म्हणालो, रानात गेलाय. दुसऱ्यांदा आल्या, मी म्हणालो रानात. तिसऱ्यांदाही रानात. चौथ्यांदा त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "नाना, रान केवढं हाय तुमचं?"

मग त्यांनी गोड बोलून दुसरंच काढलं. तालुक्यातून हुकूम आलाय, गावाला मतदान कसं करायचं ते शिकवायचं आहे, लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. तुम्ही वर्ग घ्या, मी तुमच्या रानाचं निवडणूक झाल्यावर बघते. बाई अंगणवाडीत पोरांना असंच वळवत असणार. मी हो म्हणालो.

मतदान अठरा डिसेंबरला, रविवारी. शाळेत, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. तुझं नाव यादीत आहे, माझ्या आणि तुझ्या आईच्या खाली. तू यावंस.

मागचं मी मनात ठेवलेलं नाही. तू त्या वेळी मानसिंगच्या विरोधात उभा होतास, देवानं त्याला कौल दिला. तू आख्ख्या गावासमोर ओरडलास, नाना, माझं फूल पक्कं चिकटवलंत. मी तुझ्या थोबाडीत मारली. मारायला नको होतं. पण देवळात बापावर आळ घ्यायलाही नको होता. दोघांचं चुकलं असं धरू आणि विसरू.

तुझा,
नाना


करंजवाडी
ता. ४ डिसेंबर

चि. बंडूस,

तुझं उत्तर नाही. म्हैस मात्र हल्ली रोज दोनदा बिथरते, त्यावरून पत्र पोचलं असावं.

वर्ग सुरू झाला. मी देवळाच्या ओट्यावर घेणार होतो. प्रगती मॅडम म्हणाल्या, देवळात निवडणुकीचं काही बोलायचं नाही, तसा नियम आहे. चाळीस वर्षं आम्ही तिथं दुसरं काय बोलत होतो ते मी विचारलं नाही. आता शाळेच्या पडवीत बसतो. पहिल्या दिवशी सात माणसं होती, आता साठ येतात. त्यात बायका जास्त. कौलाला त्यांना कधी कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्या पुढं बसतात आणि मागच्या पुरुषांना गप्प करतात.

यंत्र मी घरीच केलं. बुटाच्या खोक्याला माझ्या जुन्या खाकी कोटाची बटणं शिवली. आमदारकीला एक बटण दाबून भागतं. इथं चार दाबायची: एक सरपंचाचं, तीन आपल्या वॉर्डातल्या सदस्यांची. सरपंचाचा कागद निळा. चारही दाबल्याशिवाय यंत्र लांब शिट्टी देत नाही आणि पुढच्याला मत देता येत नाही. पण सवय एकाची, त्यामुळे माणसं एक दाबतात आणि चपला शोधायला लागतात. मी दारात उभा राहून एकेकाला परत पाठवतो. भोर-वेल्हे गाडीत मागच्या दारानं उतरणाऱ्यांना पकडायचो, तेच काम.

कोणीच पसंत नसेल तर सगळ्यात खालचं बटण दाबायचं, 'वरीलपैकी एकही नाही'. हे सांगितल्यावर बायकांत जो आनंद पसरला तो मी जत्रेतही पाहिला नाही. त्यांनी ते पुन्हापुन्हा दाबून बघितलं. धोंडाबाई म्हणाली की तिच्या लग्नाच्या वेळी हे बटण असतं तर फार बरं झालं असतं. तिचा म्हातारा मागंच बसला होता. त्यानं मान हलवली, म्हणजे त्यालाही पाहिजे होतं.

धोंडाबाईनंच नंतर घोटाळा केला. तिची पाळी आली तशी ती खोक्यासमोर हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली.

मी म्हणालो, "धोंडाबाय, दाब की."

"थांब बाज्या. इचारलंय."

"कुणाला?"

"तुज्या खोक्याला. उजव्या अंगाला दिवा लागला तर मानसिंग, डाव्या अंगाला लागला तर फुलाबाय."

मी म्हणालो, अगं, आमदाराला मत दिलंस तेव्हा यंत्राला विचारलं होतंस का? ती म्हणाली, आमदार सरकारचा असतो, सरपंच देवाचा. मागं वळून बघतो तर रांगेतले निम्मे लोक मान डोलावत होते. त्या दिवशी पंधरा जणांनी खोक्याला हात जोडले. एकानं तर उदबत्ती आणली होती.

मग मी बसून समजावलं. हे यंत्र काही सांगत नाही. त्याला काही कळत नाही. सांगायचं आपण, त्यानं नुसतं मोजायचं. धोंडाबाईला ते पटेना. ती म्हणाली, "मंग म्या इचारायचं कुणाला? म्हाज्याच मनाला?"

"व्हय."

"त्याला आजवर कुणी कायबी इचारलं न्हाई बाबा. त्याला येळ लागंल."

मी म्हणालो, चौदा दिवस आहेत. ती घरी गेली ती विचार करतच गेली.

खऱ्या उमेदवारांची चिन्हं अजून मिळालेली नाहीत आणि मिळाली तरी वर्गात वापरायची नाहीत. म्हणून मी वांगं, कांदा आणि मिरची उभी केली. मतं मोजली. वांगं एकतीस, कांदा बावीस, मिरची सात. वांग्याचे लोक टाळ्या वाजवायला लागले. गेनू उठला आणि म्हणाला की वांग्यानं असं काय काम केलंय. गेनू तुला आठवत असेल, आपल्या बांधाशेजारचा, त्याला देवानं जीभ दिली तेव्हा बाकीचं द्यायला सामान उरलं नव्हतं. त्यावर अर्धा तास वाद झाला. वांग्याला पाणी फार लागतं, कांद्याचा भरवसा नाही, मिरची तिखट पण वेळेला उभी राहते. प्रगती मॅडम म्हणाल्या की अगदी असंच करायचं. कोण कोणतं काम करीन म्हणतोय, कसं करीन म्हणतोय, ते विचारायचं. आणि ज्याचं पटलं त्याला द्यायचं, नवऱ्याचं पटलं त्याला नाही. तेव्हापासून गावात घरोघर बोलणं चालू आहे. मानसिंग म्हणतो विंझरपर्यंत डांबरी करीन. फुलाबाई म्हणते धनगरवाड्यापर्यंत नळ नेईन, आम्ही अजून झऱ्यावर जातो. लोक दोघांनाही उलटं विचारतात. मानसिंगला सवय नाही, त्याला घाम फुटतो.

काल गेनूनं आणखी एक विचारलं. "नाना, त्या यंत्रात कुणी आदीच काय चिकटवून ठेवलं आसंल तर?"

मी खोक्याचं सैल झालेलं बटण आवळायला घेतलं. प्रगती मॅडमनी उत्तर दिलं. मतदानाआधी दोन्हीकडची माणसं समोर बसतात. यंत्रात शून्य आहे हे त्यांना दाखवतात. मग सगळ्यांसमोर खोटी मतं टाकून बघतात, मोजतात, जुळली की पुसतात. मग सील करतात आणि त्या सीलवर दोन्हीकडच्यांच्या सह्या. गेनूचं समाधान झालं. पण त्याचं समाधान झालं की तो थांबत नाही. तो म्हणाला, "मंग कौलाच्या येळंला फुलं कोण तपासत व्हतं?"

कोणीतरी म्हणालं, नाना होते की. सगळे हसले. मीही हसलो.

बंडू, तुला एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी तुझ्या फुलाला गंध जरा जास्त लागलं असेल. सहाणेवरचं गंध हाताला असतं, हात म्हातारे झाले, नजर कमी झाली. एवढंच.

नाना


करंजवाडी
ता. ११ डिसेंबर

चि. बंडूस,

सोनियाबाईंचा निरोप मिळाला. तुझी आई गोठ्यातून आली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, सून विचारतेय, जरा म्हणजे किती?

मी म्हणालो, म्हैस बोलायला लागली वाटतं. ती हसली नाही.

तीन दिवस मी उत्तर शोधलं. बोटाच्या टोकाएवढं लिहावं असं ठरवलं होतं. पण इतक्या लोकांना मनाला विचारायला सांगतोय आणि आपण पत्रात गंध मोजतोय, हे मला बरं वाटेना.

तर ऐक. जरा म्हणजे बोटभर जाड. मी मुद्दाम लावलं. तुझ्या फुलाला घट्ट गंध आणि मानसिंगच्या फुलाला नुसतं पाणी, तेही कमी. मानसिंगचं फूल पडणारच होतं. तुझं दुसऱ्या दिवशीही पडलं नाही, पाण्यानं भिजवून काढावं लागलं. तू म्हणालास ते खरं होतं. आणि खरं बोललास म्हणून मी तुला गावासमोर मारलं.

मानसिंगनं मला काही दिलं नव्हतं. त्याला आजही यातलं काही माहीत नाही. कारण ऐकलंस तर तू आणखी चिडशील. तू त्याच्यापेक्षा लायक होतास, मला दिसत होतं. पण फूल माझ्या हातानं लावायचं होतं. तुझं आधी पडलं असतं तर लोक म्हणाले असते की गुरवानं पोराला सरपंच केलं. चार पिढ्या आपल्या घरावर कोणी बोट ठेवलेलं नाही. लोक मला खोटा म्हणतील या भीतीनं मी खोटं केलं. फुकट्या प्रवाशाला कधी सोडलं नाही मी, भोर आगारात विचार कोणालाही. आणि त्या दिवशी स्वतःच्या पोराला गाडीतून ढकललं.

यंदा नुसतं पाणी लावलं ते त्यामुळेच. म्हटलं, एकदा देवाला त्याचं त्याला करू द्यावं. त्यानं काहीच केलं नाही, कारभार आमच्याच गळ्यात घातला.

हे मी तुला सांगितलं. गावाला सांगायचं धाडस मला नाही, ते आधीच कबूल करतो. मी एक बोललो तर ते माझ्या बापाचे, आजाचे सगळे कौल उकरतील. म्हातारपणी देवळाच्या पायरीवर बसून लोकांच्या नजरा झेलायच्या, हे माझ्यानं व्हायचं नाही.

पण एक केलं. काल प्रगती मॅडमकडे स्वतः गेलो आणि म्हणालो, बंडू रानात नाही, तळेगावला आहे. त्यांनी कागद काढला. राहत नाही, कधीपासून, पाच वर्षं. पुढं कारणाचा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, माझ्यामुळे. त्या म्हणाल्या, नाना, हे हितं चालत नाही, खोडा. म्हणालो, खोडत नाही. त्यांनी कागद तसाच फायलीत ठेवला.

त्या म्हणाल्या, या निवडणुकीची यादी आता बंद झाली आहे, त्यात तुझं नाव आहे, म्हणून तुला या वेळी इथं मत देता येतं. यानंतर मात्र माणूस राहतो तिथंच त्याचं नाव असलं पाहिजे. तू अर्ज भरून ते तळेगावला न्यावंस. तेच बरोबर आहे. म्हणजे या गावात तुझं हे शेवटचं मत.

आलास तर ये. माझ्यासाठी येऊ नकोस, ते मागायचं तोंड मला नाही. यंत्र तालुक्याहून सीलबंद येतं, मी त्याच्या जवळही जाणार नाही.

नाना


करंजवाडी
ता. २० डिसेंबर

सौ. सोनियास, आशीर्वाद.

हे पत्र तुम्हाला. बंडू परवा इथून परतला, पण तो घरी येऊन काही सांगणार नाही हे मला माहीत आहे. लहानपणी त्याचा हात मोडला होता तेसुद्धा आम्हाला शाळेतून कळलं.

निकाल आधी सांगतो. आज मोजणी झाली. फुलाबाई सतरा मतांनी निवडून आली. धनगरवाड्यात हलगी वाजतेय, इथं बसून ऐकू येतेय. धोंडाबाई सांगत फिरतेय की तिनं आपल्या मनाला विचारलं आणि त्यानं चौदाव्या दिवशी उत्तर दिलं. काय दिलं ते नवऱ्यालाही सांगत नाही. तो दोन दिवस तिच्या मागं मागं हिंडतोय.

आता रविवारचं. सकाळीच मी मत दिलं आणि बाहेर आलो. केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेषा असते, तिच्या अलीकडे पाण्याचा माठ घेऊन बसलो. रांग सकाळपासून हलत होती. एकानेही यंत्राला हात जोडले नाहीत. उदबत्तीवाल्याची उदबत्ती पोलिसानं दारातच काढून घेतली.

पाच वाजून गेले तरी बंडूचा पत्ता नव्हता. मी उठायच्या बेतात होतो तर मोटरसायकल आली. तो उतरला, माझ्याकडे न बघता रेषा ओलांडून गेला. चष्मा लागलाय, पुढचे केस गेलेत. मला वाटलं, ठीक आहे, आला एवढं पुष्कळ. पाच मिनिटांत पोलीस मला बोलवायला आला.

आत असं झालं होतं. मानसिंगचा पुतण्या सोमनाथ त्यांच्याकडून आत बसला होता. त्यानं हरकत घेतली की हा माणूस बंडू नव्हे. सोमनाथ आणि बंडू सातवीपर्यंत एका बाकावर बसले, एकमेकांचे डबे खाल्ले. पण बंडूच्या कार्डावरचा फोटो अठराव्या वर्षीचा. फोटोतला पोरगा आणि समोरचा माणूस यांच्यात नाक सोडलं तर काही सारखं नव्हतं, आणि नाकही फोटोत नीट आलेलं नव्हतं. मतदान केंद्राचे साहेब परगावचे. त्यांनी प्रगती मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी यांना कधी पायलं न्हाई साहेब. मी जाते तवा हे रानात असत्यात." मग साहेब म्हणाले, ओळखणारं कोणी असेल तर आणा.

मी आत गेलो. साहेबांनी विचारलं, याला ओळखता का? विचार करून बोला, खोटं सांगितलं तर गुन्हा आहे.

मी म्हणालो, "म्हाजा पोरगा हाय. बंडू."

सोमनाथचा चेहरा उतरला, पण तो लगेच सावरला. तो म्हणाला, नाना म्हणतात तर प्रश्नच मिटला साहेब, आमचे गुरव आहेत, देवासमोर उभे राहणारे, ते कधी खोटं बोलत नाहीत. हरकत मागे घेतो.

सूनबाई, तिथंच गप्प बसायचं होतं. काम झालं होतं. बंडूला मत देता येत होतं. पण सोमनाथनं ते सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं आणि समोर बंडू उभा, माझ्याकडे बघत. पाच वर्षांत पहिल्यांदा बघत होता.

मी म्हणालो, "बोललोय खोटं. पाच वरसांमागं देवासमोर बोललोय. ह्याच्या फुलाला म्या गंध लावलं व्हतं. मानसिंगला कौल देवानं दिला न्हाई, म्या दिला."

खिडकीतून रांग ऐकत होती. साहेब ताडकन उठले. त्यांना फुलातलं काही कळलं नव्हतं, मानसिंगचं नाव तेवढं कळलं होतं. ते म्हणाले, आजोबा, उमेदवाराचं नाव घेऊन इथं प्रचार करता? केंद्रात प्रचार केला म्हणून आत टाकीन. मी म्हणालो, साहेब, प्रचार नाही, कबुली आहे. ते म्हणाले, तुमची कबुलीसुद्धा शंभर मीटरच्या बाहेर. मला आता थांबता येईना. अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, बोलायला लागलो की थांबा येईपर्यंत बोलतो. चंदन किती, पाणी किती, सगळं सांगायला लागलो. पोलिसानं माझा दंड धरला. साहेब वैतागून बंडूला म्हणाले, अहो, यांना आवरा, हे तुमचे कोण लागतात?

बंडूनं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता हा म्हणेल, कोणी नाही.

तो म्हणाला, "वडील हायेत साहेब. पाच वरसांनी खरं बोलाया लागल्यात, वाईच बोलू द्या."

रांगेत कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले, सोमनाथसुद्धा. पोलिसानं माझा दंड सोडला. मला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते, म्हणून दाराऐवजी मी मतदानाच्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे चालायला लागलो. साहेबांनी मला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. माणूस वाईट नव्हता.

रात्रीपर्यंत चारही वाड्यांत पोचलं. मानसिंग काल घरी आला. बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "नाना, मंग म्या पाच वरसं गंधावर सरपंच व्हतो व्हय?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, सांगायचं तरी, मी दर वर्षी देवाला नारळाचं तोरण बांधत होतो. जत्रेआधी गावाची बैठक आहे, पूजेचा मान आपल्या घराकडे ठेवायचा की नाही ते ठरवायला. काढून घेतील असं वाटतं. झोप मात्र लागते.

बंडू मत देऊन बाहेर आला आणि माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. त्याच्या आईनं त्याला बघून म्हशीचा चारा तिथंच टाकला. तो दोन भाकरी जेवला, तिसरी मागून घेतली. उठताना प्रगती मॅडमकडून आणलेला तळेगावला नाव न्यायचा अर्ज त्यानं खिशात घातला. मी बघितलं. ते बरोबरच आहे.

तो गाडीला किक मारत होता तेव्हा मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, मत कुणाला दिलंस?

तो म्हणाला, "ते सांगायचं नसतंय नाना."

आणि हसला. सूनबाई, पाच वर्षं मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, तेव्हा असा राग कधी आला नव्हता. परवा एवढी एकच गोष्ट त्यानं मला सांगितली नाही आणि मी अंगणात उभा राहून त्याच्यावर चिडलो, रोजच्यासारखा, घरातल्या माणसावर चिडतात तसा. फार बरं वाटलं.

तुम्हीही विचारू नका. विचारलंत आणि त्यानं सांगितलं, तर मात्र मला कळवा.

तुमचा सासरा,
बाजी